यादीबाहेरचे चेहरे

सोमवार, २५ जानेवारी १९९९

ही डायरी न्हावा शेव्याच्या एका क्लिअरिंग एजंटने फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी कंटेनरचं चित्र आहे. एकच कुरूप चित्र तीनशे पासष्ट वेळा छापून माणसाला काय मिळतं कोण जाणे. आजवर कोरीच होती. आज लिहायला घेतली, कारण जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं. घरात तस्नीमशिवाय कुणी नाही, आणि ती माझी मुलगी असली तरी कंप्युटरच्या बाबतीत शत्रुपक्षात आहे.

वेलखारचा नंदकुमार ठाकूर दुकानात आला होता. पांढरे बूट, मनगटात सोन्याचं कडं, अंगाला अत्तराचा असा वास की माझं फोटो धुवायचं हायपो बरं वाटलं. याचा बाप सिताराम जन्मभर मिठागरात राबला, हा नेरुळला बिल्डिंगा बांधतो. गावच्या विकास मंडळाचा अध्यक्षही हाच. म्हणाला, "बदरूचाचा, आमचे गावाचा सगला इतिहास तुमचे डब्यांत परलाय. तो बाहेर काढाचा हाय."

एक मेला वेलखारच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन. तिथे कंप्युटर ठेवणार. नाव दाबलं की त्या माणसाचे फोटो पडद्यावर. सॉफ्टवेअर मी आणि तस्नीमने निवडायचं, कारण ती वाशीला स्कॅनिंगच्या दुकानात कामाला आहे.

मी पस्तीस वर्षं उरणच्या बाजारात स्टुडिओ चालवतो. वेलखारचं एकही लग्न मी सोडलेलं नाही. निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत आहेत, चौदाशे तरी असतील. आज एक डबा उघडला तर लोणचं बिघडल्यासारखा भपकारा आला आणि आतून दोन कसरी पळाल्या. म्हणे इतिहास.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

वाशीला जाऊन आलो. तेजस नावाचा एक पोरगा स्वतःच तयार केलेला प्रोग्रॅम विकतो. नाव ‘आठवण ९८’. तोंडात गुटखा, त्यामुळे अर्धी वाक्यं नाकातून. दुकानात माठ नाही पण गणपतीला हिरव्या दिव्यांची माळ आहे, ती सारखी उघडझाप करत होती. डोकं उठलं.

त्याचं यंत्र असं चालतं: आधी नावांची यादी भरायची. मग फोटो उघडला की यादीतलं एक नाव निवडायचं. एकच. निवडलं नाही तर फोटो आत जात नाही, टुणकन आवाज करून परत फेकतो.

मी विचारलं, "ग्रुप फोटो असला तर?"

"मेन माणूस टाकायचा ना अंकल."

"आणि मेन माणूस कोण हे कोण ठरवणार?"

"युजर," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पिचकारी मारली. खाली कुणाची तरी कपडे वाळत घातलेली गॅलरी होती.

बुधवार, १० फेब्रुवारी

दुसरं सॉफ्टवेअर. परदेशी, पण चोरीची सीडी. दाखवणाऱ्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, बोंबलासारखी. यात नावं हवी तितकी टाकता येतात, पण मराठीत टाकलं की नुसते चौकोन उमटतात. फोटोंचे प्रकार आधीच ठरवून दिलेले: वाढदिवस, नाताळ, समुद्रकिनारा, पाळीव प्राणी. मी म्हटलं, हळदी कुठे घालू? तो माणूस बराच विचार करून म्हणाला, "वाढदिवसात चालेल का?"

वेलखारच्या सोनूबाईच्या हळदीत तिची सासू रुसून उकिरड्यावर जाऊन बसली होती, त्याचा फोटो माझ्याकडे आहे. तो बहुधा पाळीव प्राण्यांत जाईल.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

तिसरं तस्नीमने स्वतः शोधलं. तिच्या मालकाने कुठल्याशा संग्रहालयासाठी आणलं होतं. हे जरा माणसांसारखं आहे. एका फोटोत दहा जणांची नावं, बाईचं माहेरचं आणि सासरचं दोन्ही, वर गावात ज्या टोपणनावाने हाक मारतात तेही. वेलखारला याची गरज आहेच, तिथे गोटीराम ठाकूर सहा आहेत आणि सहाही मिशीवाले. शिवाय कोण कुणाचा बाप, कुणाची बहीण, हेही जोडता येतं. महाग आहे आणि दिसायला तर इतकं रुक्ष की तलाठ्याचं दप्तर बरं. पण मला प्रथमच किळस आली नाही. तस्नीमला मात्र तसं म्हटलं नाही, डोक्यावर बसेल.

शनिवार, २० फेब्रुवारी

नंदकुमारने तिसरं नाकारलं. पैशांचं कारण नव्हतं, तो पैशांना भीत नाही. म्हणाला, "येवढा नात्यागोत्याचा गुंता कशाला? यादी तयारच हाय." आणि पिशवीतून मंडळाची वर्गणीची वही काढली. गावच्या चालीप्रमाणे वर्गणी लग्न झालेल्या पुरुषामागे. म्हणजे वहीत दोनशे अकरा पुरुष. मेलेल्यांचीही नावं आहेत, कारण बापाच्या नावापुढे मुलाचं नाव जोडत गेलेत. बाई एकही नाही.

तस्नीम म्हणाली, "आणि बायकांचे फोटो?"

"बाईचा फोटू नवऱ्याचे नावावर टाका."

"आणि लग्नाआधीचे?"

"पोरी, तू लई शिकलीस," नंदकुमार हसत म्हणाला. हसताना त्याच्या हिरड्या दिसतात. तस्नीम हसली नाही. मी चहा मागवला. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

सोमवार, १ मार्च

स्कॅनिंग सुरू केलं. सॉफ्टवेअर अजून ठरत नाही. तस्नीम तिसऱ्यासाठी हटून बसलीय आणि घरात भांड्यांचा आवाज वाढलाय.

नूरी मदतीला यायला लागली. माझी धाकटी बहीण, पनवेलला मुलाकडे असते. वेलखारच्या बायका ओळखायच्या तर तीच हवी. मला नवरीचा चेहरा आठवतो, पण मुंडावळ्या काढल्या की सगळ्या सारख्या. नूरी निगेटिव्ह उजेडात धरते आणि सांगते, ही अमकीची थोरली, हिला नंतर खोपट्याला दिली, ही बाळंतपणात गेली. उलटा काळा-पांढरा चेहरा बघून कसं कळतं तिला, तीच जाणे.

बायकांत जायला लागे तेव्हा मी तिला नेत असे. हळदीला, लग्नाला आतल्या खोलीत परक्या पुरुषाला मज्जाव. मग डबा कॅमेरा तिच्या हातात द्यायचा, ती आत जाऊन बटण दाबून यायची. तेवढंच काम. त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं, पण ती खूश असायची.

मंगळवार, ९ मार्च

दुकानात एक बाई आली. चाळिशी उलटलेली, हातात रिकामी पिशवी. मी ओळखलं नाही. ती बाकड्यावर बसली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली.

"बदरूभाय, मी सखू. वेलखारचे सितारामाची पोर. सासरी गिरजाबाय म्हनतात. मना माजे लग्नाचा फोटू पायजे."

मग ओळख पटली. सितारामच्या पहिल्या बायकोची मुलगी. आई गेली तेव्हा चार-पाच वर्षांची होती. पुढे सितारामने दुसरी केली, तिचे नंदकुमार आणि धाकटा. बाप गेल्या दिवाळीत गेला. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळायचाय, त्यासाठी वारस दाखवायचे. भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन तिच्याकडे गेले. नवरा वारलेला, घर दिराच्या नावावर, ही सही नाही म्हणाली. तर भावांनी सिताराम ठाकूर यांना दोनच मुलगे, असं लिहून दिलं. मुलगीच नाही.

"शालेत मी गेलेच नाय," ती म्हणाली. "जल्माची नोंद नाय. वकील म्हनतो कायतरी आन, बापाची पोर हाय असा दावनारा."

"गावातलं कुणी सांगेल की."

"कोन सांगल? घरटी एक भैन हाय. माजेसाठी तोंड उघडला तर उद्या त्यांची भैन उभी राहील." हे तिने रागाने म्हटलं नाही, बाजारभाव सांगावा तसं म्हटलं.

बघतो म्हणालो. ती गेल्यावर मला चहा जाईना. बाप एक, आणि बहिणीला कागदावरून पुसून टाकायचं. ही माणसं जेवतात कशी?

गुरुवार, ११ मार्च

सापडले. एक नव्हे, आठ.

मिठाचा हंगाम संपला की सिताराम दर वर्षी पोरीला घेऊन उरणला यायचा आणि माझ्याकडे फोटो काढायचा, हे मी साफ विसरलो होतो. ६४ पासून सात वर्षं, सात फोटो. तोच पडदा, तीच लाकडी खुर्ची, बापाचे मिठाने चिरलेले पाय आणि शेजारी पोर इंचाइंचाने वाढत गेलेली. एकात तिच्या कडेवर नंदकुमार आहे, वर्षाचा असेल, नाक वाहतंय. आठवा फोटो लग्नातला, ७१ सालचा. आतली खोली, पाटावर नवरी, बाप तिला भाताचा शेवटचा घास भरवतोय आणि त्याचं तोंड तिच्यापेक्षा जास्त उघडं आहे, रडण्यामुळे. मागे बायकांचा गराडा.

मी काढलेल्या फोटोंत हा सर्वांत चांगला असावा. आठ निगेटिव्ह वेगळ्या पाकिटात ठेवल्या. नूरीने पाकिटावर नाव घातलं.

शनिवार, १३ मार्च

नंदकुमारला कुणी सांगितलं कळत नाही. उरणात भिंतींनाही कान आहेत आणि कानांना दुकानं. सकाळी आला, या वेळी बसला. आईसक्रीम मागवलं, तेही माझ्याच दुकानात, मला न विचारता.

"चाचा, हे दुकानाचा पत्रा गलतोय ना? नेरुळला माजे नवे बिल्डिंगीत खालचा गाला हाय. रस्त्याला लागून. तुमी या, बोर्ड लावा. भाडा तीन वरसा बोलायचा नाय." मग चमचा चाटून: "आनि गावाचे कामाचे जे फोटू, तेच कंप्युटरात टाका. बाकीचे डब्यात र्‍हाऊ द्या. जुनी मानसा उगाच दुखावतात."

मी काहीच बोललो नाही. तो मान हलवून गेला. गप्प बसण्याचा अर्थ काय होतो ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. आईसक्रीम मी गटारात टाकलं, पण निम्मं खाऊन झाल्यावर.

सोमवार, १५ मार्च

सखू आली. मी सांगितलं, त्या सालच्या डब्याला वाळवी लागली, काही उरलं नाही.

तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाली, "बरा. तुमाला तरास झाला." आणि गेली. मला तरास झाला! नूरी कोपऱ्यात निगेटिव्ह पुसत होती. तिने वर बघितलं, परत खाली बघितलं. ती मुळातच कमी बोलते.

मी घरी येऊन दोनदा तोंड धुतलं. तोंडाचा वास जात नाही. नंदकुमारला मी मनात डुक्कर म्हणत होतो, आता त्याच्याच चिखलात जाऊन बसलो. पण पत्रा खरोखरच गळतो. माझं वय साठ आहे. तस्नीमचं लग्न व्हायचंय. असं लिहिलं की ते जरा बरं वाटतं, पुन्हा वाचलं की पान फाडावंसं वाटतं.

आज एकच चांगलं झालं. तस्नीमने हट्ट सोडला. स्वयंपाकघरातून नूरीशी बोलून बाहेर आली आणि म्हणाली, "अब्बा, तेजसचंच घेऊ या. त्यात नाव दिल्याशिवाय फोटो जातच नाही ना? तेच बरं आहे." पोर शहाणी झाली.

बुधवार, ३१ मार्च

परवा ईद झाली. नूरी राहिली होती, आज गेली. दोघी दिवसभर कंप्युटरसमोर. वहीतली दोनशे अकरा नावं तेजसने यादीत भरून दिलीत आणि आता गावातली प्रत्येक नवरी कुठल्यातरी पुरुषाच्या नावावर जातेय. आजीबाईच्या फोटोखाली ‘पांडुरंग हरी ठाकूर’. पहिलं न्हाण आलं म्हणून मखरात बसवलेली मुलगी म्हणजे ‘भैरू सोमा ठाकूर’. बघून शिसारी आली. इतका बावळट प्रोग्रॅम लिहायला या पोराने कुठे फी भरली असेल?

तस्नीमला विचारलं, नवऱ्याच्या नावावर टाकतेस ना? म्हणाली, "नवरे बाहेरगावचे अब्बा, वहीत नाहीत. मग बापाच्या नावावर टाकते."

सितारामच्या त्या आठांचं विचारलं. ती म्हणाली, "पाकीट तुमच्याच कपाटात आहे, बघा." बघितलं. आठही निगेटिव्ह जिथल्या तिथे. म्हणजे आत गेल्या नाहीत. काळजी मिटली.

शनिवार, १ मे

क्रमाने लिहितो.

सभागृह म्हणजे गुलाबी रंगाचा खोका, दारात थर्माकोलचे हंस. पाहुणे दोन तास उशिरा. भाषणांत ‘भूमिपुत्र’ हा शब्द मी सतरा वेळा मोजला, नंतर सोडलं. जेवण असल्यामुळे सासरी गेलेल्या पोरीही झाडून माहेरी आल्या होत्या. बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत नूरी बसली होती आणि तिच्या शेजारी सखू. सखूला कुणी बोलावलं, कुणास ठाऊक.

कंप्युटरला मोठा टीव्ही जोडला होता. नंदकुमार म्हणाला, पहिलं नाव आपल्या वडिलांचं. टाळ्या. त्याने दाबलं. सिताराम पडद्यावर आला, खुर्चीत बसलेला. शेजारी नऊ वर्षांची पोर.

पाच सेकंदांनी दुसरा फोटो. पोर मोठी झाली. तेजसच्या त्या भिकार प्रोग्रॅममध्ये एकदा सुरू झालं की थांबवायचं बटण नाही. तिसरा. भागीरथी म्हातारी पुढेच बसली होती, तिला कमी दिसतं म्हणून पडद्याला नाक लावून. ती मोठ्याने म्हणाली, "अगो, ही आपली सखू." कुणीतरी शुक् केलं. चौथा फोटो आला. "आनि कडंवर यो कोन? नंदू, यो तू ना रं? शेंबडा?"

कुणी हसलं नाही. पाचवा, सहावा, सातवा. मग तो घास भरवतानाचा. अख्ख्या पडद्यावर सितारामचं रडणारं तोंड. बायकांच्या बाजूला हुंदका फुटला, तो सखूचा नव्हता. सखू ताठ बसली होती.

नंदकुमारने दुसरं नाव दाबलं, कुणाचं तरी, घाईने. त्या बापाच्या नावावरही त्याच्या तीन पोरी निघाल्या. तेवढ्यात बायका उठल्या. एक म्हणाली, माजे बापाचा दाबा. दुसरी म्हणाली, माजे बी. पाहुणे ताटकळले, जेवण थंड झालं, आणि गावच्या पोरी रांग लावून आपापल्या बापाच्या नावात स्वतःला शोधायला लागल्या. शेवटी नंदकुमारने वायर उपटली.

परतताना तस्नीम आणि नूरी रिक्षात मागे बसून हसत होत्या. इतक्या मोठ्या फजितीत यांना हसू कसं येतं? तेजसला गाठून त्याचे पैसे अडवले पाहिजेत. आठ निगेटिव्ह कपाटात असताना त्याच्या यंत्रात गेल्या कशा, याचं उत्तर त्याला द्यावंच लागेल.

सोमवार, ३ मे

नंदकुमार आला. आज अत्तर नव्हतं, घामाचा वास होता, तो जास्त प्रामाणिक. टाइप केलेला कागद पुढे केला. ‘कंप्युटरातील नावे चुकीने पडली असून सदर फोटोंतील मुलगी कोण हे मला माहीत नाही.’ खाली माझ्या सहीची जागा. गाळ्याची किल्ली कागदावर वजन म्हणून ठेवली.

मी कागद दोनदा वाचला. खोटं बोलून झालं होतं माझं, ते जमलं होतं. पण माझ्या फोटोतलं माणूस मला माहीत नाही, हे लिहून द्यायचं? पस्तीस वर्षांत प्रिंट खराब आली तर मी फुकट दुसरी दिली, पण चेहरा माझा नव्हे असं कधी म्हटलं नाही. कागद परत केला.

"चाचा, इचार करा."

"केला. किल्लीही उचला."

तो किल्ली घेऊन गेला. पाठोपाठ मला पत्र्याचं छिद्र दिसलं. असो.

गुरुवार, ६ मे

करंजाच्या बाजूला सखूच्या गावी गेलो. ती सुकट निवडत होती. मी सांगितलं की वाळवीचं खोटं होतं. तिने सुपातली माती फुंकली.

"मना ठावं व्हता. तुमचे भैनीनं त्याच दिवशी येष्टी स्टँडवर गाठून सांगला."

त्याच दिवशी! म्हणजे माझ्या घरातून, माझ्या पाठीमागे. मला आधी संताप आला. मग काय आलं ते मला नीट लिहिता येत नाही.

तिला घेऊन पनवेलला वकिलाकडे गेलो. त्याला फोटो आवडले, पण फोटो बोलत नाहीत म्हणाला. कोण, कुठे, कधी, हे काढणाऱ्याने शपथेवर सांगायला हवं. "हा लग्नातला महत्त्वाचा. कोणी काढला?"

"मी," म्हणालो.

"म्हणजे खोलीत तुम्ही होता? बाप काय बोलला, ऐकलंत? उलटतपासणीत विचारतील."

मी मांडवात होतो, वरातीच्या घोड्याचा फोटो काढत. सखू माझ्याकडे बघत होती.

"माझी बहीण होती आत," मी म्हणालो. पस्तीस वर्षांत हे पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं असेन.

मंगळवार, ११ मे

वकिलाने तयार केलेला कागद घेऊन नूरीला उरणला बोलावलं. जेवणं झाली. मी कागद तिच्यासमोर ठेवला, पेन उघडून दिलं आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.

तिने माझ्या बोटाकडे बघितलं. "चष्मा दे," तस्नीमला म्हणाली.

"वकिलाने नीट बघून लिहिलंय," मी म्हणालो.

"लिहिलं असेल. दादा, अब्बा गेले त्या साली तू असाच एक कागद आणला होतास. घराचा आणि दुकानाचा. तू बोट ठेवलंस तिथे मी सही केली. हा मी वाचणार."

तिने वाचायला अर्धा तास लावला. इयत्ता चौथीपर्यंत शिकलेली, ओळीखाली नख फिरवत. एका जागी थांबली. "इथे ‘छायाचित्रकाराची मदतनीस’ लिहिलंय. खोलीत कॅमेरा माझ्या हातात होता. सिताराम घास भरवताना बोलला ते मी ऐकलं. ‘आता तुला कोन विचारल, बाय’, असं बोलला. मग मी बटण दाबलं. मदतनीस कशी?"

मी तो शब्द खोडला आणि वर ‘छायाचित्रकार’ लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तिने सही केली. ठळक, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. सखूचं काम आता होईल, वकील म्हणतो नक्की होईल.

नूरीने चष्मा काढला नाही. "तो दुसरा कागद कुठे आहे?"

"कुठला?"

"घराचा आणि दुकानाचा. आण. तो पण वाचते."

कपाटाची किल्ली कुठे ठेवली आठवत नाही, असं मी म्हणालो. तस्नीमने आणून दिली.